आठशेतले आठ मीटर

एकतीस वर्षं मी शाळेत पीटी शिकवली. त्या एकतीस वर्षांत मला कुणी आठशे मीटर कसं पळायचं ते विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मॅडम, फक्की कधी मारणार?" फक्की म्हणजे चुन्याची भुकटी. मैदानावर रेषा आखायला वापरतात. स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत माझे हात, भुवया आणि पंजाबी ड्रेसची ओढणी सगळं पांढरं होऊन जायचं. घरी गेले की सासूबाई म्हणायच्या, "आल्या, भिंत सारवून आल्या."

पाथरी तालुक्यातल्या एका गावात आमची शाळा. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढं सांगणार आहे ती चूक माझी आहे आणि शाळेची उगाच बदनामी नको. मैदान मात्र तालुक्यात सगळ्यात मोठं, त्यामुळे शालेय मैदानी स्पर्धा दरवर्षी आमच्याकडे. तालुक्याच्या विक्रमांचा फळाही आमच्याच व्हरांड्यात टांगलेला. ट्रॅक आखायचं काम पहिल्या वर्षी कुणी घेईना म्हणून मी घेतलं, आणि नंतर कुणी मागितलं तरी दिलं नाही. बाकीच्या शाळांचे क्रीडाशिक्षक मला मागून 'टेपवाल्या बाई' म्हणत. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

बाहेरच्या माणसाला वाटतं ट्रॅक म्हणजे काय, गोल रेघ मारली की झालं. तसं नाही. मैदानाच्या मधोमध एका रेषेवर दोन खुंट्या ठोकायच्या, चाळीस मीटर अंतरावर. एकेका खुंटीला दोरी अडकवून दोन्हीकडे अर्धं अर्धं वर्तुळ फिरवायचं आणि त्यांची टोकं सरळ रेषांनी जोडायची. आमच्या मैदानावर दोनशे मीटरचाच ट्रॅक बसायचा, म्हणजे आठशेला चार फेऱ्या. शिवाय पळणारी पोर रेषेवर पाय देत नाही, वीतभर बाहेरून पळते, म्हणून मोजमाप रेषेच्या वीस सेंटिमीटर बाहेरचं धरायचं असतं. हे वीस सेंटिमीटरचं सांगितलं की समोरचा माणूस जरा अदबीनं बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

आणि आठशे मीटर ही शर्यत म्हणजे खोडीच आहे. शंभर मीटरला विचार करायला वेळ नसतो. पाच हजाराला इतका वेळ असतो की पोरं घरच्या जेवणाचा विचार करून येतात. आठशेला पहिल्या दोन फेऱ्या प्रत्येकाला वाटतं की आज आपलाच दिवस. तिसऱ्या फेरीत मांड्या दगड होतात, छातीत जाळ होतो, आणि अजून एक फेरी राहिलेली असते. तिसरी फेरी बघितली की पोराचा स्वभाव कळतो. एका वर्षी फेऱ्या मोजणारे गुरुजी कुणाशी तरी शेंगदाण्याच्या भावावर बोलत बसले आणि मुलांना चारऐवजी पाच फेऱ्या पळवल्या. चौथ्या फेरीला पहिला असलेला पोरगा पाचवीत तिसरा आला. त्याच्या वडिलांनी त्या गुरुजींना एस.टी. स्टँडपर्यंत पिटाळलं, आणि मला तेव्हा फार हसू आलं होतं. दुसऱ्याच्या चुकीला हसणं सोपं असतं.

आता माझी.

आमच्या शाळेचा टेप कापडी होता, पन्नास मीटरचा, आणि त्याचा पहिला मीटर तुटलेला होता. म्हणून आम्ही एकच्या आकड्यापासून मोजायचो आणि शेवटी एक वाढवायचो. चाळीस मीटर हवे असले तर खुंटी एक्केचाळीसवर. दरवर्षी मी मागणीपत्रात नवा टेप लिहायची आणि दरवर्षी व्हॉलीबॉलचं नेट यायचं. खरं सांगायचं तर टेप मी स्वतः घेऊ शकले असते. पण तुटक्या टेपवर अचूक ट्रॅक आखते याचा मला गर्व होता, आणि चारचौघांत मी तो मिरवायचीही.

कालिंदा आठवीत आमच्या शाळेत आली. वर्गात बडबड केली म्हणून मी एकदा अख्ख्या रांगेला मैदानाच्या चार फेऱ्या दिल्या. बाकीच्या पोरी लिंबाखाली आडव्या झाल्या आणि ही समोर येऊन उभी राहिली. "मॅडम, आजून किती?" मला आधी वाटलं उद्धटपणा करते. मग तिचा श्वास बघितला. लागलेला नव्हता.

वडील लिंबाजी, मेंढपाळ. पावसाळाभर गावाच्या आसपास राहायचे, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे, आणि दिवाळी झाली की कळप घेऊन गोदाकाठानं निघायचे ते पार उन्हाळ्यातच परतायचे. थोरल्या मुलीचं लग्न झालं होतं, आईचे गुडघे गेले होते, त्यामुळे कालिंदा नववीत गेली त्या वर्षी तिनं कळपाबरोबर जायचं असं घरात ठरलं. मी त्यांना भेटायला गेले. म्हटलं, पोरगी पळायला चांगली आहे, ठेवा शाळेत.

लिंबाजी म्हणाले, "पळनं काय बाई, मेंढरामागं बी व्हतंच की."

मी चिडले. माझा स्वभाव तसाच आहे, एकदम भडकते. म्हटलं, "मेंढरामागं पळून फळ्यावर नाव येत नाही. तालुक्याचं रेकॉर्ड मोडायच्या लायकीची आहे तुमची पोर."

त्यांनी काठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "असं? मंग येऊ द्या फळ्यावर नाव. आलं तर वरीसभर ठिवतो तिच्या मावशीकडं. न्हाई आलं तर माझ्यासंगं."

हे बोलणं कालिंदाच्या समोरच झालं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी शाळेच्या तासभर आधी मैदानावर हजर व्हायला लागली. विक्रम दोन मिनिटं चौतीस पूर्णांक दोन सेकंदांचा होता, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. तो आकडा तिनं कंपासपेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवला होता. बूट घातले की पाय जड होतात म्हणायची, म्हणून अनवाणीच पळायची. पहिली फेरी वाऱ्यासारखी काढायची खोड होती, ती मोडायला मला दोन महिने लागले.

स्पर्धेच्या आदल्या सकाळी मी खुंट्या ठोकत होते. तुटकं टोक माझ्या हातात, दुसऱ्या टोकाला शिपाईमामा. इतक्यात मंडपवाल्यानं पाहुण्यांच्या मंडपाचे खांब नेमके माझ्या वळणावर आणून रोवले. मी तिथूनच ओरडले. तो म्हणाला, मुख्याध्यापकांनी सांगितलंय. मी म्हटलं, मुख्याध्यापक पळणार आहेत का उद्या? आमचं चांगलंच जुंपलं. मध्येच शिपाईमामांनी विचारलं, "मॅडम, कितीवर ठोकू?" आणि मी मंडपवाल्याकडे बघत, रागाच्या भरात ओरडले, "चाळीस! चाळीसवर!"

मामांनी चाळीसवर ठोकली. त्यांचा काही दोष नव्हता. आकडा सांगायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सतरा वर्षांखालील मुलींची आठशे मीटर झाली. कालिंदानं पहिली फेरी शिकवल्याप्रमाणे आवरून काढली. तिसऱ्या फेरीत पाथरीच्या एका उंच मुलीनं तिला मागे टाकलं, आणि मी शिट्टी तोंडात असताना शेवटच्या फेरीची शिट्टी वाजवायची विसरले. शेवटच्या वळणावर कालिंदानं तिला गाठलं आणि सरळ बाजूला पार मागे सोडलं. तीन घड्याळं लावलेली होती. तीनही वेगळी दाखवत असली तर मधली धरायची, असा नियम. वेळाधिकारी होते आमचे गणिताचे शेख सर. त्यांनी तिन्ही घड्याळं दोनदा बघितली आणि माइककडे न जाता आधी माझ्याकडे आले. "मॅडम, दोन तेहतीस पूर्णांक एक. रिकॉर्ड गया!"

त्या दिवशी सगळ्याच लांब शर्यतींच्या वेळा चांगल्या आल्या होत्या. लोकांनी विचारलं तर मी म्हटलं, यंदा मैदानावर रोलर नीट फिरवलाय. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

मुख्याध्यापकांनी दुपारीच पेंटर बोलावून फळ्यावर नाव लिहून घेतलं. पाच वाजता लिंबाजी आले. त्यांना वाचता येत नव्हतं. कालिंदानं बोट ठेवून दाखवलं, हे माझं. रंग ओला होता, त्यामुळे तिच्या बोटाला पिवळा डाग लागला. लिंबाजींनी फळ्याकडे बघून हात जोडले, आणि मला म्हणाले, "जबान दिली हाय. राहील पोरगी."

मी त्या रात्री गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिलेच्या खुणा करायच्या होत्या. सरळ बाजूला टेप लावला, एकपासून एक्केचाळीसपर्यंत. एक्केचाळीसचा आकडा वळणाच्या आत जाऊन पडला, रेषेपासून बरोबर एक मीटर पुढं. मी पुन्हा मोजलं. दुसरी बाजू मोजली. मग मधल्या दोन खुंट्यांच्या खड्ड्यांवर टेप धरला आणि मला तो मंडपवाला आठवला, आणि माझं ते ओरडणं.

शेख सर घड्याळं पुसत बसले होते. त्यांना बोलावलं. त्यांनी टेप बघितला, खाली बसले आणि काडीनं मातीत लिहिलं. एका फेरीत दोन सरळ बाजू, प्रत्येक एक मीटर कमी. एका फेरीला दोन मीटर, चार फेऱ्यांना आठ.

"सातशे ब्याण्णव," ते म्हणाले.

आठ मीटरला तिला दीड सेकंद लागला असता. विक्रम मोडला होता एक सेकंद आणि एक दशांशानं. म्हणजे विक्रम नव्हताच. पहिला नंबर खरा, कारण सगळ्या पोरी तेवढ्याच पळाल्या होत्या. वेळ तेवढी खोटी.

मला रडू यायला लागलं. शेख सर म्हणाले, "मॅडम, पयले चाय पिऊ. मंग रोऊ." आम्ही चहा प्यायलो. खरंच प्यायलो. त्या चहाबद्दल मी त्या माणसाची आजही ऋणी आहे, कारण नंतर मी जिथं जिथं गेले तिथं ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

मुख्याध्यापक आधी हसले. "आठ मीटर म्हणजे ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कोण बघायलंय, मॅडम? पोरीचं कल्याण होतंय, होऊ द्या." त्यांचं चुकतंय असं मला त्या क्षणी अजिबात वाटलं नाही. रेषा पुसल्या की पुरावाही राहणार नव्हता. मी काही फार तत्त्वाची बाई नाही. मुलांची हजेरी मीही कधीमधी मागाहून भरलेली आहे. पण त्या फळ्यावर आधी जिचं नाव होतं, तिलाही मीच पळवलं होतं. चौथ्या फेरीनंतर ती माझ्या हातावर कोसळली होती आणि पाणी मागायचंही तिला सुचत नव्हतं. ती पूर्ण आठशे पळाली होती. माझ्या रागापायी तिचं नाव खोडायचं, आणि ती कुठल्यातरी गावी संसार करत असताना तिला कळणारही नाही, हे मला पेलवेना.

आधी कालिंदाला सांगितलं, मग माइकवर. ती रिलेसाठी छातीवर नंबर लावून उभी होती.

"तुमी मोजलं न्हवतं का, मॅडम?"

"मोजलं होतं. चुकीचं मोजलं."

"मंग आता?"

"पहिला नंबर तुझाच. रेकॉर्ड नाही."

"मंग मी जायाचं?"

तिनं छातीवरच्या चारही टाचण्या एकेक करून काढल्या, नंबराचं कापड नीट घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. रिलेला तीनच मुली उरल्या, त्यामुळे आमची शाळा पळालीच नाही.

लिंबाजींकडे मी त्याच दिवशी, ऊन कलल्यावर गेले. गावाबाहेर, पोखर्णीकडे जाणाऱ्या वाटेवर एका रानात मेंढरं बसवली होती. तळावर घेताना ते मेंढरं मोजत होते. ते आणि त्यांचा भाऊ समोरासमोर उभे, मधून मेंढरं जोडीजोडीनं जात होती आणि लिंबाजींचे ओठ हलत होते. मला बघितलं आणि ते थांबले.

"चुकलं बगा," ते भावाला म्हणाले. "बाई आल्या न् माझं चुकलं. काढ भाईर, परत मोजू."

सगळी मेंढरं पुन्हा बाहेर काढली. पुन्हा मोजली. मी बांधावर बसून राहिले. कालिंदा पालापाशी आईजवळ होती, तिनं माझ्याकडे पाठ केली होती.

मोजून झाल्यावर ते आले आणि मी सगळं सांगितलं. तुटका टेप, मंडपवाला, चाळीस, आठ मीटर. काही झाकलं नाही. नाव पुसलं तेही सांगितलं.

लिंबाजींनी काठी आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले. "पोरगी रडली का?"

"नाही. बोलली नाही काही."

"माझ्यावर गेलीय ती." मग विचारलं, "हे आजून कुनाला कळलं असतं का, बाई?"

"नाही."

"मला?"

"तुम्हाला तर नाहीच."

"मला वाचाय येत न्हाई. तुमी फळ्यावर काय बी लिवलं असतं तरी म्या हात जोडले असते. काल जोडलेच की." ते मेंढरांकडे बघत होते. "तरी तुमी दोन कोस चालत सांगाय आल्या की माझा हिसाब चुकला म्हनून. आमाला आजपातुर कुनी असं सांगाय आलं न्हाई. ना दुकानवाला, ना कचेरीतला."

मी म्हटलं, "लिंबाजी, मला माफ करा. तुमच्या पोरीचं वर्ष गेलं माझ्यामुळं."

"कामून जातंय? राहू द्या तिला तुमच्याकडं." ते इतकं साधेपणानं म्हणाले की मला आधी समजलंच नाही. "नावाचं ऱ्हाऊ द्या. नाव येईल न्हाईतर न्हाई येनार. ज्या मानसाला आपलं चुकलेलं सांगता येतंय, त्याच्यापाशी लेकरू ठिवाय मला फिकर न्हाई."

मी बांधावर बसून रडले. या वेळी शेख सरांनीही चहाचं नाव काढलं नाही. ते माझ्याबरोबर तिथवर चालत आले होते हे सांगायचं राहिलंच.

माझ्या नोकरीत मला शाली मिळाल्या, नारळ मिळाले, निरोपाच्या दिवशी भाषणं झाली. ती सगळी मला आवडली, नाही म्हणत नाही. पण कुणी माझ्यावर विश्वास टाकला असं विचारलं तर मला ते रान आठवतं. लिंबाजींचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते मी जन्मभर मानत आले. दुसऱ्याच आठवड्यात मी पाथरीला जाऊन स्वतःच्या पैशांनी पोलादी टेप आणला.

कालिंदा मावशीकडे राहिली. पण माझ्याशी बोलायची बंद झाली. सकाळी मैदानावर यायची, मी सांगेन तेवढं पळायची, घड्याळाकडे बघायची नाही आणि माझ्याकडेही नाही. सगळं वर्ष असंच गेलं. मी रागवायची, ती ऐकून घ्यायची. एकदा मी म्हटलं, अगं भांड तरी माझ्याशी. तर म्हणाली, "तुमाला काय बोलू मॅडम, तुमी मोठ्या हाव." हे भांडणापेक्षा जास्त लागलं. तिचा राग रास्त होता. लिंबाजींनी माफ केलं म्हणून तिनंही करावं, असा काही कायदा नव्हता.

पुढच्या वर्षीची स्पर्धा आली. मंडप या खेपेला मी स्वतः उभं राहून दूर बांधून घेतला. ट्रॅक दोनदा मोजला, तिसऱ्यांदा शेख सरांकडून मोजून घेतला. ते म्हणाले, मॅडम, आता जमीन थकेल.

कालिंदा दहावीत होती, थोडी उंच झाली होती. पहिल्या दोन फेऱ्या तिनं एकटीनंच पुढं राहून काढल्या, सोबतीला कुणी उरलंच नाही. तिसऱ्या फेरीत तिचे खांदे वर चढले, मान वाकडी झाली, आणि मला वाटलं संपलं. संपलं नाही. शेवटच्या वळणावर मी घड्याळ विसरून रेषेच्या कडेनं तिच्याबरोबर पळायला लागले. त्या वयात, त्या ओढणीत. लोक हसले असतील. रेषा ओलांडून ती गुडघ्यांवर बसली आणि तिचे तळहात फक्कीनं पांढरे झाले.

तीन घड्याळं. एक म्हणालं दोन मिनिटं चौतीस पूर्णांक दोन. एक म्हणालं चौतीस पूर्णांक तीन. एक म्हणालं चौतीस पूर्णांक चार. मधलं धरायचं. विक्रम चौतीस पूर्णांक दोनचा. एका दशांशानं राहिला.

शेख सरांनी मला घड्याळं दाखवली आणि मान खाली घातली. हे तिला सांगायचं काम पुन्हा माझ्यावर आलं. मी तिच्यासमोर मातीत बसले. सांगितलं. तिन्ही आकडे सांगितले.

तिनं ऐकून घेतलं. धाप अजून चालूच होती. मग वर्षभरात पहिल्यांदा तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मॅडम, ट्रॅक पुरा व्हता ना?"

"पुरा होता. बोटभरसुद्धा कमी नाही."

तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, चुना सगळा तोंडाला लागला, आणि ती हसली.

"मंग आज मी आठशे पळाले."